लोकल फ्रेंडचं पेट्रोल

रील बरोबर सत्तर सेकंदांचं होतं. वालूरची चक्राकार बारव, तिच्या पायऱ्या उतरणारे महागडे बूट, चारठाण्याचा उंच दगडी स्तंभ, नेमगिरीची टेकडी, येलदरीच्या पाण्यावर मावळतीचा उजेड आणि शेवटी चुलीपुढे भाकरी थापणारे दोन हात. खाली ओळ होती: ‘अनएक्सप्लोर्ड मराठवाडा, विथ लोकल फ्रेंड्स.’ पुढे लाल बदाम.

यातला ‘लोकल फ्रेंड’ म्हणजे माझा चुलतभाऊ. सत्तर सेकंदांत तो दीड सेकंद दिसतो, तोही पाठमोरा, जीपचं टायर बदलताना. भाकरी थापणारे हात त्याच्या सासूबाईंचे आहेत.

रील करणारी चौघं माझ्या पुण्याच्या ऑफिसातली. माणसं वाईट नाहीत. डब्यातलं वाटून खातात, गाडीतून कचरा फेकत नाहीत, रडणाऱ्याला धीर देतात. म्हणून तर हा लेख लिहायचा. वाईट माणसांबद्दल लिहायला पोलीस स्टेशन आहे. चांगली माणसं फिरायला निघाली की त्यांचं काय होतं, ते मला बोलायचंय. त्या चांगल्या माणसांत मीही आहे, ते पुढे येईलच.

आमचं गाव पोखर्णी. परभणीहून परळीच्या गाडीत बसलात तर गंगाखेडच्या आधी लागतं. नृसिंहाचं देऊळ आहे, म्हणून स्टेशनच्या नावातही नृसिंह आहे. देवाला येणारे भाविक सोडले तर इथे कुणी ‘फिरायला’ येत नाही. सपाट काळी जमीन. डोंगर बघायचा तर वर जिंतूरकडे जा, नाहीतर खाली गंगाखेडच्या पलीकडे बालाघाटाच्या रांगांकडे. पुण्यात ‘तुमच्याकडे काय आहे बघण्यासारखं?’ असं कुणी विचारलं की परभणीची पोरं कसनुसं हसतात. मीही हसायचो. २०२४च्या जुलैमध्ये मात्र हसलो नाही. म्हणालो, “खूप आहे. माझा भाऊ आहे तिथं, तो फिरवील.”

या एका वाक्यात मी दुसऱ्याच्या आयुष्यातले दोन दिवस देऊन टाकले. दादाला विचारलं नंतर, फोनवर. तो म्हणाला, “येऊ दे की. आपलीच माणसं.” तो आणखी काय म्हणणार होता?

त्या दोन दिवसांचा हिशोब मला खूप उशिरा कळला. चार-पाच दिवसांच्या झडीनंतर तेव्हा नेमकी उघडीप मिळाली होती. सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसायला लागला होता आणि फवारणीसाठी हीच उघडीप हवी होती. दादाने फवारणी पुढे ढकलली. मित्राची जीप मागून आणली, डिझेल टाकलं. शिवाय मोटारसायकलचं पेट्रोल, कारण आदल्या दिवशी तो एकटाच जिंतूरपर्यंत जाऊन रस्ता बघून आला. पावसात काळ्या मातीच्या वाटेवर गाडी रुतली तर चार शहरी माणसं चिखलात काय करतील, ही काळजी. वालूरला ओळखीच्या माणसाला फोन, चारठाण्याला दुसऱ्याला. मुक्कामासाठी सासुरवाडी, जिंतूर तालुक्यातल्याच एका गावात. जावई पाहुणे घेऊन येतोय म्हटल्यावर त्या घरात काय धावपळ होते, हे मराठी माणसाला सांगायला नको.

संध्याकाळी चौघांपैकी एकाने सासुरवाडीच्या गच्चीवरून ड्रोन उडवला.

त्या पावसाळ्यात मराठवाड्यात काय चाललं होतं ते आठवा. रात्री आकाशात ड्रोन फिरतात, चोर आधी घरांची टेहळणी करतात, अशी धास्ती गावागावांत पसरली होती. लोक रात्र-रात्र काठ्या घेऊन जागत होते. पोलीस सांगत होते की अफवांवर विश्वास ठेवू नका. अशा दिवसांत, दिवेलागणीच्या वेळी, एका खेड्यावर घूं घूं करत यंत्र फिरायला लागलं. दहा मिनिटांत घरापुढे पन्नास-साठ माणसं जमली. चौघं आत. दारात उभा राहिला दादा.

“माझे पाहुणे आहेत. काही झालं तर मला धरा,” एवढंच तो म्हणाला. सासरे हात जोडून उभे. अर्धा तास बोलणं झालं, ड्रोन पिशवीत गेला, गर्दी पांगली. चौघांना काय घडलं त्याचा पत्ताच लागला नाही, कारण दादाने आत येऊन सांगितलं, “काही नाही, गावातले लोक बघायला आले होते.” रीलमध्ये त्या गर्दीचंही एक दृश्य आहे, खिडकीतून काढलेलं. त्यावर अक्षरं उमटतात: ‘क्युरियस लोकल्स!’

माझं म्हणणं आता सरळ सांगतो. प्रवासाच्या लिखाणात, व्हिडिओत, पोस्टमध्ये ‘स्थानिक मित्र’ हा जो शब्द वापरला जातो, तो बहुतेक वेळा खोटा असतो. तो फक्त पाहुण्याच्या सोयीचा असतो. त्या शब्दाखाली माणसाचं काम झाकलं जातं, त्याचा खर्च झाकला जातो आणि त्याने आपल्यासाठी घेतलेली जोखीम झाकली जाते.

काम आणि खर्च निदान मोजता येतात. जोखमीचं कुणी बोलतच नाही. स्थानिक मित्र वाट दाखवतो, भाषा समजावतो, जेवू घालतो, हे सगळ्यांना दिसतं. तो तुमचा जामीन असतो, हे दिसत नाही. कुणाच्या शेतातून गेलात, कुठल्या देवळात बूट घालून शिरलात, पाणी भरणाऱ्या कुठल्या बाईचा फोटो न विचारता काढलात, हे सगळं त्याच्या नावावर चढतं. तुम्ही रविवारी रात्री निघून जाता. तो सोमवारी तिथेच असतो. सासुरवाडीच्या पारावर पुढची दोन वर्षं ‘तुमच्या जावयाचे ड्रोनवाले’ हा विषय चालतो.

यात नवं काही नाही. अजिंठ्याची गोष्ट आपण शाळेत शिकलो. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि त्याने लेणी ‘शोधली’. दहा नंबरच्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ते कोरीव नाव अजून आहे. लेण्याकडे बोट दाखवणारा एक गुराखी पोरगा होता, असं सांगतात. त्याचं नाव कुठल्याच खांबावर नाही. त्या पोराला लेणी आधीच ठाऊक होती. मग १८१९ साली नक्की काय सापडलं आणि कुणाला?

हेच व्हिएतनाममध्ये. तिथल्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात दा लात नावाचं थंड हवेचं शहर आहे. आजकाल आपल्याकडची नवी जोडपी तिथे फुलांच्या बागांत फोटो काढतात. १८९३ साली आलेक्सांद्र येर्सँ हा डॉक्टर त्या पठारावर पोचला आणि पठाराच्या ‘शोधा’चं श्रेय त्याला मिळालं. येर्सँ मोठा माणूस होता, पुढच्याच वर्षी प्लेगचा जंतू त्याने ओळखला. पण शहराच्या नावातच तिथल्या लात लोकांचं नाव आहे. ज्या जागेला आधीपासून माणसांचं नाव आहे, ती जागा शोधायची कशी?

‘अनएक्सप्लोर्ड’ हा शब्द स्मिथच्या सुरीसारखा आहे. ज्या बारवेतून बायकांच्या पिढ्यांनी पाणी वाहिलं, ती अनएक्सप्लोर्ड कशी? वालूरची बारव आज फोटोत इतकी देखणी दिसते, कारण गावातल्या लोकांनी घाम गाळून तिच्यातला गाळ आणि कचरा उपसला. रोहन काळे यांच्या बारव मोहिमेमुळे महाराष्ट्रभर अशा विहिरींकडे लोकांचं लक्ष गेलं. त्यांनी त्या नकाशावर आणल्या आणि गावोगावच्या लोकांनी त्या साफ केल्या. यात ‘शोधणारा’ कुणी असेल तर तो हातात टोपलं घेतलेला माणूस. तुमचा-माझा कॅमेरा त्याच्यानंतर आला.

आता माझं स्वतःचं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मी व्हिएतनामला गेलो. उत्तरेला, चीनच्या सीमेलगत हा जांग नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. काळ्या-करड्या चुनखडीचे सुळके, त्यांच्या पोटातून जाणारा रस्ता, दगडांच्या फटीत लावलेला मका. मोटारसायकलवरून चार दिवसांत पुरी होणारी तिथली फेरी जगभरच्या तरुणांत प्रसिद्ध आहे. परवान्याची भानगड नको म्हणून मी मागे बसणारा प्रवासी झालो. पुढे गाडी चालवायला त्याच डोंगरातला एक ह्मोंग तरुण. चार दिवस मी त्याच्या पाठीमागे बसून जग बघितलं. त्याचं नाव मला धड उच्चारता येईना, म्हणून मी त्याला ‘ब्रो’ म्हणत राहिलो.

मा पी लेंग घाटात त्याने गाडी थांबवली. खाली न्यो क्वे नदी, हिरव्या दोऱ्याएवढी. हा रस्ता १९५९ ते १९६५ या वर्षांत डोंगर हातांनी फोडून झाला. वेगवेगळ्या जमातींची तरुण पोरं त्यावर राबली, आणि या घाटाच्या तुकड्यात तर कड्यावर दोरांनी लटकून सुरुंगांची भोकं पाडावी लागली. रस्त्याचं नाव आहे ‘सुखाचा रस्ता’. राबलेल्यांचं तिथे स्मारक आहे. मी स्मारकापुढे स्वतःचा फोटो काढला. तो कुणी काढला? ब्रोने.

दोनच महिन्यांपूर्वी यागी वादळाने उत्तर व्हिएतनाम झोडपलं होतं. डोंगरांत ठिकठिकाणी दरडी कोसळल्या होत्या. एका वळणावर त्याने उतारावरचा लाल मातीचा ओरखडा दाखवला आणि फोनवर काहीतरी टाइप करून भाषांतर माझ्यापुढे धरलं. घरचा मक्याचा तुकडा त्या मातीबरोबर खाली गेला होता. मी ‘सो सॉरी, ब्रो’ म्हणालो आणि पुढचं विचारलं: पुढचा रस्ता चालू आहे ना?

हे विचारलं आणि माझं मलाच ऐकू आलं. सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणीत अतिवृष्टी झाली, तेव्हा चौघांपैकी एकाने ग्रुपवर हेच लिहिलं होतं: ‘ती बारव सेफ आहे ना रे?’ दादाचं सोयाबीन पाण्यात उभं होतं.

रात्री होमस्टेवर पोस्ट टाकली. चाळीस फोटो. ब्रो एकाच फोटोत, तोही हेल्मेटची मागची बाजू. ओळ लिहिली: ‘विथ लोकल फ्रेंड्स इन द हायलँड्स.’

या ठिकाणी मला एक उलटा हिशोब दिसला, आणि माझ्या सगळ्या रागाचं मूळ तिथे आहे. व्हिएतनामच्या त्या मुलाला मी पैसे दिले होते. तो त्याचं काम करत होता, चोख करत होता. त्याला मी ‘मित्र’ म्हणालो, कारण ‘भाड्याने घेतलेला चालक’ असं लिहिलं की पोस्टची गंमत जाते. इकडे दादाला चौघांनी पैसे दिले नाहीत, कारण तो ‘मित्र’ होता आणि मित्राला पैसे देणं बरं दिसत नाही. पैसे दिले तेव्हा मित्र म्हणायचं शोभेसाठी. पैसे द्यायचे नाहीत तेव्हाही मित्रच म्हणायचं, ते बचतीसाठी. शब्द एकच, आणि दोन्ही वेळा फायदा पाहुण्याचा.

यावर आक्षेप येणार, ते मला माहीत आहेत. त्यातला एक तर माझ्याच घरातून येतो: पाहुण्याकडून पैसे घेणं ही आपली रीत नाही. मान्य. पण रीत पुरी सांगा. पाहुणचार ही दोन्हीकडून चालणारी गोष्ट आहे. आज तू माझ्याकडे जेवलास, उद्या मी तुझ्याकडे. लेकराच्या परीक्षेला पुण्यात आलो तर तुझ्या घरी उतरेन. पाहुणा येताना हात हलवत येत नाही आणि निघताना घरातल्या लेकराच्या हातावर काहीतरी ठेवतो. या रीतीतला फक्त पहिला अर्धा भाग उचलायचा आणि उरलेल्या अर्ध्याला ‘अरे, आपण मित्र आहोत’ म्हणून गाळायचं, हे आतिथ्य नव्हे. त्या चौघांपैकी कुणाच्या फ्लॅटवर दादा चार माणसं घेऊन दोन रात्री राहिला तर चालेल का? मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा: आमच्या व्हिडिओमुळे तुमचा भाग लोकांना कळतो, पर्यटन वाढतं, रोजगार येतो. येतो, पण कुणाला? व्हिडिओ बघून पुढचे दहाजण येतात, त्यांनाही ‘लोकल फ्रेंड’च हवा असतो. फुकटात दाखवलेल्या वाटेचा भाव फुकटच ठरतो. आधी काम ठरवलं तर गोष्ट वेगळी होते. व्हिएतनामच्याच सा पा भागात श्यू तान या ह्मोंग बाईने ‘सापा ओचाऊ’ नावाची संस्था उभी केली, त्यात वाटाडे ह्मोंग तरुण-तरुणी आहेत. लांब कशाला, अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी बघा. काजवे बघायला शहरातली माणसं जातात, गावातल्या घरांत राहतात, वाट गावातली माणसं दाखवतात आणि या सगळ्याचे पैसे ठरलेले आहेत. त्याने तिथलं आतिथ्य आटलं असं मला तरी कुणी सांगितलेलं नाही. भाकरीचे पैसे दिले म्हणून भाकरी कडू लागत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा, आणि तो बरोबर आहे: तू कोण सांगणारा? तू तर गाव सोडून पुण्यात बसलास. होय. म्हणूनच या व्यवहारातला दलाल मी आहे. गावातून बाहेर पडलेली आमची पिढी शहरात स्वतःची किंमत वाढवायला गाव दाखवते. ‘माझ्या गावी या, अस्सल चुलीवरचं खाऊ घालतो’ असं आम्ही म्हणतो, आणि चूल दुसऱ्याच बाईने फुंकायची असते. शहरात मला ‘कूल’ ठरवणारं ते निमंत्रण दादाच्या डिझेलवर चाललं होतं. चौघांवर ओरडण्याआधी मला हे कबूल करायला हवं.

म्हणून मागणी साधी आहे. कुणी फिरवायला तयार झालं तर निघण्याआधी विचारा: तुझा दिवस किती रुपयांचा जातो? गाडी कुणाची, तेल कुणाचं? तो ‘राहू द्या’ म्हणेल. एकदा म्हणेल, दोनदा म्हणेल. तिसऱ्यांदा विचारू नका, पाकीट घरातल्या थोरल्या बाईच्या हातात द्या. फोटो टाकण्याआधी त्यालाच दाखवा. नाव घालू का विचारा आणि तो नको म्हणाला तर घालू नका. ‘शोधलं’ लिहू नका, ‘दाखवलं’ लिहा, आणि कुणी दाखवलं तेही. ड्रोन उडवायचा तर आधी गावाला विचारा. दादाला विचारून भागणार नाही, कारण दादा पाहुण्याला नाही म्हणूच शकत नाही. त्याच्या या अडचणीचा फायदा घेणं थांबवा.

आणि गावाकडच्या माझ्या वयाच्या पोरांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. तुम्हाला प्रत्येक वाट माहीत आहे. कुठल्या ओढ्याला किती पाणी चढतं, धारासूरच्या देवळावरच्या कोणत्या सुरसुंदरीवर कोणत्या वेळी ऊन येतं, नेमगिरीला कुठल्या बाजूने चढावं, हे सगळं ज्ञान आहे. कृषी विद्यापीठातला माणूस माती सांगायचा पगार घेतो, त्यात कुणाला गैर वाटत नाही. तुम्ही वाट सांगायचे पैसे मागताना खाली का बघता?

२०२५ला नृसिंह जयंतीला गावी गेलो. रात्री ओसरीवर दादाला सगळं सांगितलं. व्हिएतनामचं, ब्रोचं, हा लेख लिहायचाय तेही. म्हटलं, “दादा, लेखात तुझं नाव टाकतो. निदान इथं तरी पाहिजे.”

तो हसला. “नाव कामून टाकायलास? नावाचं मी काय करू? सासुरवाडीत झालंय तेवढं नाव बस.”

“मग?”

“दोन दिवसाचं डिझेल आन् मोटारसायकलचं पेट्रोल धरून जे होईल ते दे. आन् फवारणी हुकली त्याचं राहू दे, ते तुला कळायचं न्हाई.”

मी फोन काढून लगेच पैसे पाठवले. दहा महिने उशिरा. त्याने आवाज ऐकला, स्क्रीन बघितली आणि शंभर रुपये परत पाठवले. जास्तीचे झाले होते.

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एकीने विचारलं, “तुमच्या परभणीला जायचं म्हणतोय आम्ही. तुझा तो भाऊ आहे ना, फ्रेंडली?” मी दादाचा नंबर दिला नाही. आधी त्याला फोन केला. त्याने भाव सांगितला: दिवसाचे किती, गाडीचे किती, जेवणाचे घरात द्यायचे. आणि एक अट घातली.

मी ती जशीच्या तशी तिला पाठवली: “पाऊस उघडला असला तर येऊ नका. त्या दिवशी फवारणी असते.”